सांग तिला, कर्णा दिसला

“तिला सांग, बांगड्या वाजतायत,” मामा मान न वळवता म्हणाले.

पायवाट अरुंद होती. पुढं मामा, मध्ये मी, मागं आत्ती. मी मागं वळून म्हटलं, “आत्ती, मामा म्हणतायत बांगड्या वाजतायत.”

आत्तींना ते आधीच ऐकू आलेलं होतं. हाताच्या अंतरावर तर होत्या. पण कानावर पडलं तरी माझ्याकडून आल्याशिवाय ते पोचलं असं धरायचं नाही, असा आमच्या घरचा नियम होता.

“त्यांना सांग,” आत्ती म्हणाल्या, “बांगड्या काढायचा दिवस अजून आलेला नाही. आणि इतक्यात आणायचाही नाही म्हणावं.”

मी पुढं वळले. “मामा, बांगड्या काढायचा दिवस…”

“कळलं,” मामा म्हणाले. त्यांनी खिशातून आपला मोठा रुमाल काढला आणि मागं न बघता माझ्या हातात दिला. मी तो आत्तींच्या हातात दिला. आत्तींनी तो हिरव्या चुड्यावर गुंडाळून गाठ मारली आणि आमची वरात परत चालू लागली. कुठंतरी तांबट टुकटुक करत होता. फाल्गुन नुकता लागला होता, पहाटेचा गारवा अजून अंगाला लागत होता आणि मी मनातल्या मनात देवाला म्हणत होते, की बाबा रे, आज या दोघांना एकमेकांशी एक वाक्य बोलू दे, म्हणजे मी सुटले.

ही माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातली गोष्ट. मी संगमनेरची, सासर आजऱ्याचं. आमच्याकडं सासूला आई म्हणतात, इकडं आत्ती, सासऱ्यांना मामा. इकडच्या बायका ‘मी येतो, मी जातो’ असं पुरुषासारखं बोलतात. सुरुवातीला मला वाटायचं, आत्ती कुणा दुसऱ्याबद्दलच सांगतायत. मग सवय झाली. सवय झाली नाही ती त्या दोघांच्या अबोल्याची, कारण त्याचं मूळ माझ्या लग्नातच होतं.

मामा म्हणजे विश्वासराव देसाई. एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते, त्या वर्षीच निवृत्त झालेले. आजऱ्यात त्यांचा चेहरा न ओळखणारे लोक होते, पण आवाज न ओळखणारा एकही नव्हता. सगळा जन्म ध्वनिक्षेपकावरून ‘गाडी फलाट क्रमांक दोनवर लागलेली आहे’ असं सांगण्यात गेला. नाद एकच, पक्ष्यांचा. दुर्बीण गळ्यात अडकवून रानात जायचं आणि दिसेल त्या पाखराला नाव घेऊन भेटायचं. तालुक्यातले झाडून सगळे पक्षी त्यांनी पाहिले होते, एक कर्णा सोडून. कर्णा म्हणजे दाट रानातला पक्षी. नराचं डोकं काळं, गळ्याला पांढरी पट्टी आणि पोट लालभडक. इतका देखणा असून दिसत नाही, कारण तो हलत नाही. माणसाची चाहूल लागली की पाठ फिरवून बसतो, आणि पाठ असते वाळल्या पानासारखी तपकिरी. मामांना तो रानात ऐकू आला होता, दुसऱ्यांना दिसला होता, मामांच्या मित्राच्या मेव्हण्यालासुद्धा दिसला होता. मामांना नाही.

आता लग्नात काय झालं ते ऐका. जेवणाच्या पंगतीत आमच्याकडच्या बायकांनी आग्रह धरला, वरमाईनं नाव घेतलं पाहिजे. आत्तींचं नाव इंदुमती, पण स्वभाव लाजरा. आपल्या स्वतःच्या लग्नातसुद्धा त्यांनी उखाणा घेतला नव्हता म्हणे, रडू आलं होतं. या खेपेला मात्र त्या तयारीनं आल्या होत्या. कित्येक दिवस चुलीपुढं बसून जुळवलेला होता. पदर सावरला, उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या:

“हळदीच्या पावलांनी सून आली दारी,
विश्वासरावांच्या संगतीत भरून पावले सारी.”

टाळ्या पडल्या. सगळ्यांनी माना वळवून विश्वासरावांकडं बघितलं, तर पाटावर विश्वासराव नाहीत. अर्धा जिलबीचा वेढा पानात, आणि माणूस गायब. माझी आत्या तोंडाची फाटकी, ती म्हणाली, “अहो वरमाई, रावांचं नाव घेतलं, पण रावांना कुठं ठेवलंत?” सगळा मांडव हसला.

राव मंगल कार्यालयाच्या मागं होते. वाढप्यानं कुणाला तरी सांगितलं होतं, मागच्या सावरीवर लाल पोटाचा कसला तरी पक्षी बसलाय. मामा खरकट्या हातानं धावले होते. तिथं कुणीतरी वाळत घातलेला लाल ब्लाऊज वाऱ्यानं उडून फांदीला अडकला होता.

त्या दिवशी आत्तींनी शपथ घेतली, की इथून पुढं या माणसाचं नाव घेणार नाही आणि या माणसाशी बोलणारही नाही. मामा म्हणाले, बरं. एवढ्या ‘बरं’वर दुसरा माणूस थांबला असता, पण मामांचा स्वभाव गाड्या सोडणाऱ्याचा. गाडी सुटली की सुटली, परत बोलवायची नाही. त्यांनीही बोलणं बंद केलं. मी उंबऱ्यावरचं माप ओलांडून घरात आले ती थेट नोकरीवर रुजू झाले. ‘सांग तिला’ आणि ‘सांग त्यांना’ यांच्या मध्ये.

सकाळी उठल्यापासून सुरू. “तिला विचार, माझा चष्मा कुठाय.” “त्यांना सांग, कपाळावर आहे.” “तिला सांग, भाजी अळणी आहे.” “त्यांना सांग, मीठ पुढ्यात आहे.” मी मध्ये बसून डावीकडं उजवीकडं माना वळवून मानेचं दुखणं लावून घेतलं. बरं, निरोप मऊ करून द्यायचीही सोय नाही. एकदा मी ‘मूर्खपणा’चा ‘घोटाळा’ केला तर आत्ती म्हणाल्या, “मी काय म्हटलं ते सांग.”

आणि माझा नवरा रणजित पुण्यात. लग्नानंतर खोली मिळाली की मला न्यायचं असं ठरलेलं होतं. खोली कधीच मिळाली होती. पण दिवाळीत मी जायचा विषय काढला तर घरात असं काही सुतक पडलं की मीच गप्प बसले. मी गेले तर या दोघांचं काय होणार होतं? मामा जन्मभर अळणी जेवतील पण मीठ मागणार नाहीत. आत्तींना घेरी आली तर त्या कुणाला सांगणार, शेजारणीला? मी रणजितला फोनवर म्हणायची, “तुझ्या आईबाबांना आधी बोलतं कर, मग मला ने.” तो म्हणायचा, “ते माझ्यानं होणार नाही, तूच बघ.” सगळे नवरे असेच.

त्यात त्या आठवड्यात पुण्याच्या एका शाळेचा होकार आला. प्रयोगशाळेत सहायक म्हणून. मला हवीच होती तशी नोकरी, काचेची भांडी आणि शांतता. सोमवारी फोन करून येणार की नाही ते सांगायचं होतं. घरात मी काही बोलले नव्हते. रणजितला एकट्याला माहीत होतं. आणि आज रविवार होता.

म्हणून मी बेत केला. मामांबरोबर रविवारी रानात मी जायचीच. या रविवारी आत्तींना गळ घातली, तुम्हीही चला. रानात दोघांना एका ठिकाणी बसवायचं, काहीतरी निमित्त काढून मी बाजूला व्हायचं. निरोप्याच नसला तर करतील काय? रानात काय, साप निघेल, काटा मोडेल, तहान लागेल. एक शब्द तर बोलावा लागेल. आणि एक शब्द निघाला की पुढचे निघतात.

आत्ती इतक्या चटकन तयार झाल्या की मला नवल वाटलं. पोपटी लुगडं नेसून आल्या, झाडांत मिसळेल म्हणून. अंबाड्यात अबोलीचा गजरा. मामांनी गजऱ्याकडं बघितलं, आणि ‘तिला सांग’ म्हणायला तोंड उघडून मिटलं. त्या दिवशी मामांची दाढ दुखत होती. आत्तींनी शिदोरीला भाकरीऐवजी मऊसूत दहीभात घेतला होता. दाढेचं मी आत्तींना सांगितलं होतं का, हे मला आठवेना. सांगितलं असेल म्हटलं. दिवसाला इतके निरोप जायचे की कोण हिशेब ठेवणार.

सावरीचं मोठं झाड लागलं तसे मामा थांबले. झाडावर पान नाही, नुसती लाल फुलं, आणि त्या फुलांवर पाखरांची ही गर्दी. भोरड्या, मैना, कोतवाल, सगळे मध पिऊन भांडत होते. मामांचा चेहरा फुलला. पक्षी दाखवताना बोट करायचं नाही, बोट दिसलं की पाखरू उडतं, हा त्यांचा दंडक. मग दाखवायचं कसं? तर झाडाची सगळ्यात खालची फांदी फलाट क्रमांक एक, तिच्या वरची दोन, असं वर जायचं.

“तिला सांग,” मामा कुजबुजले, “फलाट क्रमांक तीनवर हळद्या लागलाय.”

“आत्ती, तीन नंबरवर हळद्या.”

“कुठल्या बाजूनं तीन?”

“मामा, कुठल्या बाजूनं?”

“कोल्हापूर बाजूनं.”

“आत्ती, कोल्हापूर बाजूनं.”

“दिसला. पिवळा. छान आहे म्हणावं.”

“मामा, छान आहे म्हणतायत.”

“मग? मी काय काळा म्हटलं होतं?”

“आत्ती, मामा म्हणतायत…”

“ते नको सांगू,” मामा घाईनं म्हणाले. तेवढ्यात हळद्या उडाला. या गतीनं कुठला पक्षी थांबणार?

पुढं रान दाट झालं. ओढ्याला अजून धार होती. ओढ्याकाठी एक सपाट दगड होता, दोघं बसतील असा. मी म्हटलं, आता. दोघांना दगडावर बसवलं. दोघं बसले, पण एक इकडं तोंड करून आणि एक तिकडं.

“अगंबाई,” मी म्हटलं, “पाण्याची बाटली सावरीखालीच राहिली. मी घेऊन येते.”

बाटली माझ्या पिशवीत होती. मी पिशवी छातीशी धरून वाटेनं दिसेनाशी झाले, मग वाट सोडली आणि झाडीतून हळूहळू परत फिरले. पावलं कशी टाकायची ते मामांनीच शिकवलं होतं, आधी टाच, मग चवडा, वाळक्या पानावर पाय पडू द्यायचा नाही. ओढ्याच्या अंगाला एक जुनं जांभळीचं झाड होतं, बुंधा दोन माणसांच्या कवेत न मावणारा. त्याच्या आड उभी राहिले. दगड समोर, दोघांच्याही पाठी माझ्याकडं. म्हणजे दोघं एकाच दिशेला तोंड करून बसले होते. मी निघाल्यावर कुणीतरी एक वळलं होतं.  म्हटलं, जमतंय.

“दाढ कशी आहे?” आत्ती म्हणाल्या.

मला वाटलं, त्या मलाच विचारतायत. इतकी सवय.

“लवंग धरली आहे,” मामा म्हणाले. “तुझा गजरा छान आहे गं. घरातनं निघताना म्हणणार होतो. पोरीच्या तोंडून कसं सांगायचं, म्हणून गप्प बसलो.”

“जास्त बोलू नका. येईल ती.”

“सावरीपर्यंत जाऊन यायचं म्हणजे वेळ आहे.”

मी जांभळीला धरून उभी राहिले. हे काही पहिलं वाक्य नव्हतं. पहिलं वाक्य असं असतं का कुठं? हे रोज बोलणाऱ्या माणसांचं बोलणं होतं.

“मी काय म्हणतो,” आत्ती म्हणाल्या, “आता तिला सांगून टाकू या. संक्रांतीपासून चाललंय. तुम्ही तीळगूळ हातावर ठेवलात आणि गोड बोला म्हणालात, त्याच दिवशी सांगायचं होतं.”

“मी म्हणतच होतो. तूच म्हणालीस हळदीकुंकू होऊ दे.”

“मग तुम्ही म्हणालात शिवरात्र होऊ दे.”

“आणि परवा तू म्हणालीस, गुढी उभारू दे.”

 माझ्या डोळ्यांपुढून सगळा महिना-दीड महिना सरकायला लागला. मी गिरणीतून दळण घेऊन आले की आतून रेडिओ अचानक मोठा व्हायचा. मी नदीवरून आले की मामा घाईघाईनं पेपर उघडायचे, एकदा उलटा. आणि मी वेडी, घसा सुकेपर्यंत मिठाचे निरोप पोचवत होते.

“काल रणजितचा फोन होता, ती देवळात गेली होती तेव्हा,” आत्ती म्हणाल्या. “पोरीला नोकरी लागली आहे. उद्या कळवायचं आहे तिला. आपल्यासाठी नाही म्हणणार आहे, म्हणाला.”

“मग सांगू या आज. जाऊ दे पोरीला. नवरा तिकडं, बायको इकडं, हे काय संसार म्हणायचे?”

“सांगा की. मी कुठं अडवतोय.” आत्तींचा आवाज बारीक झाला. “पण ती गेल्यावर आपण दोघांनी बोलायचं काय, ते तरी ठरवून ठेवा. अबोल्याच्या आधी तरी आपण काय बोलत होतो? तुम्ही स्टँडवर, मी चुलीपुढं. जेवलात का, झोपलात का. या पोरीच्या पायानं एवढं बोलणं झालं घरात. दिवसभर आपली नुसती बडबड.”



मला राग आला होता, तो कुठं गेला कळेना. हसूही येत होतं. मी पदर तोंडात कोंबला आणि वर बघितलं, डोळ्यांतलं पाणी खाली पडू नये म्हणून.

आणि वर तो बसला होता.

माझ्या आणि त्यांच्या मध्ये, जांभळीच्याच खालून दुसऱ्या फांदीवर. काळं डोकं, गळ्याला पांढरी पट्टी, आणि लाल पोट माझ्याकडं. इतका स्वस्थ, की जणू मघापासून तोही तीळगुळाची गोष्ट ऐकत होता. मामांच्या पाठीमागं, डोक्यापासून थोडासाच वर. ज्या पक्ष्यापायी माणसानं बायकोचा उखाणा घालवला, तो पक्षी मागं येऊन बसला होता आणि माणूस ओढ्याकडं बघत दाढेवर लवंग फिरवत होता.

आता काय करावं? गप्प राहिले असते तर मला काही माहीत नाही असं धरून घरी जाता आलं असतं. मग सोमवारी ‘नोकरी लागली’ असं सावकाश सांगता आलं असतं, त्यांनाही ‘आजच बोलायला लागलो’ म्हणता आलं असतं. सगळ्यांची झाकली मूठ राहिली असती. पण मामांचा कर्णा गेला असता. आणि मामांचं मला ठाऊक होतं. हा माणूस आता गुडघ्यांनी थकत चालला होता. पुढच्या वर्षी ओढ्यापर्यंत येईल की नाही कुणी सांगावं.

मी जितक्या हळू आवाजात बोलता येईल तितक्या हळू म्हटलं, “मामा, आत्तींना सांगा, फलाट क्रमांक दोनवर कर्णा लागलेला आहे. मागं वळताना हिसका नको.”

दोन्ही पाठी ताठ झाल्या. मग त्या इतक्या सावकाश वळल्या, की देवाच्या पालखीलाही वळायला कमी वेळ लागतो. मामांनी वर बघितलं. आत्तींनी वर बघितलं. मग त्या फांदीखालून दोघांना मी दिसले.

आणि आता पंचाईत अशी, की कुणालाच काही बोलता येईना. मामांचाच दंडक. पक्षी समोर असताना हलायचं नाही, बोलायचं नाही. मला सगळं कळलंय हे त्यांना कळलं होतं, त्यांना कळलंय हे मला कळलं होतं, आणि तो लाल पोटाचा प्राणी मध्ये बसून जागचा हलायला तयार नव्हता. संक्रांतीपासूनचे सगळे लटके अबोले एकीकडं आणि तो खरा अबोला एकीकडं. आत्तींच्या चेहऱ्यावर चोरी पकडलेल्या पोरीचा भाव. मामांच्या डोळ्यांत तर दोन्ही होतं. एक डोळा कर्ण्याचा आनंद मानत होता आणि एक मला लाजत होता.

शिवाय मामांना नुसती पाठ दिसत होती. तपकिरी. मी लाल पोट बघत होते आणि ज्याला बघायचं होतं त्याच्या नशिबी पाठ. मामांनी दुर्बीणसुद्धा उचलली नाही. नुसते बघत राहिले. आत्तींचा हात हळूच त्यांच्या मनगटावर आला, बांगड्यांवरच्या रुमालासकट.

मग कर्ण्यानं मान फिरवली, एकदा इकडं, एकदा तिकडं. जागच्या जागी एक उडी मारली आणि तोंड त्यांच्याकडं केलं. मामांच्या तोंडातून श्वास सुटला तो मला जांभळीपर्यंत ऐकू आला. पुढं एक किडा उडाला, त्याच्यामागं कर्णा झेपावला, आणि रानात लाल रंग होता तो गेला.

सगळ्यात आधी आत्ती बोलल्या. “मी म्हणतच होतो, ही पोरगी बाटली विसरणाऱ्यातली नव्हे.”

“किती ऐकलंस?” मामांनी विचारलं.

“दाढेपासून.”

“म्हणजे सगळंच,” मामा म्हणाले, आणि डोळे पुसत हसायला लागले. ते डोळे कर्ण्यासाठी पुसत होते की आणखी कशासाठी, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मी पुढं झाले आणि पिशवीतली बाटली काढून त्यांच्या पुढ्यात ठेवली. म्हटलं, “घ्या पाणी. मी नाटक केलं तसंच तुम्ही केलंत, माझं एका सकाळचं, तुमचं संक्रांतीपासूनचं. वर माझ्या मानेचा मसाज कोण करणार?”

“मी करतो,” आत्ती म्हणाल्या, आणि माझी मान ओढून स्वतःच्या खांद्यावर घेतली. अबोलीला वास नसतो म्हणतात, पण त्यांच्या अंबाड्याला खोबरेल तेलाचा वास येत होता. “उद्या फोन कर त्या शाळेला. गुढीपाडव्याची वाट बघू नको.”

“तुम्ही काय बोलणार मग दोघं?”

“ते बघू आम्ही.”

परतीच्या वाटेवर एकही पक्षी दिसला नाही. दिसणार कसा? मामांनी स्वतःचे सगळे दंडक मोडले. मोठ्या आवाजात, स्टँडवरच्या आवाजात, आत्तींना कर्ण्याचं पोट किती लाल होतं ते सांगत होते. आत्ती म्हणत होत्या, “मीही तिथंच होतो, मला काय सांगता?” आणि तरी ऐकत होत्या. मी मागं राहून चालत होते. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा माझी मान सरळ होती. दोघांचं बोलणं चाललंय आणि आपल्याला कुणी काही सांगायला सांगत नाही, याचं मला जरा वाईटही वाटलं, खोटं का बोलू.

जायच्या दिवशी दोघं मला सोडायला स्टँडवर आले. पुण्याची गाडी लागली. मामांनी पिशव्या वर चढवल्या, खिडकीची जागा धरली, चालकाला सांगितलं, “सून आहे माझी, गाडी जपून.” आणि गाडी सुटायच्या ऐन वेळेला बघते तर मामा नाहीत.

आत्ती खिडकीखाली उभ्या होत्या. त्यांनी इकडं तिकडं बघितलं. चेहरा उतरला. “बघ,” त्या म्हणाल्या. “परत तेच. दिसलं असेल कुठंतरी पाखरू.”

तेवढ्यात वरचा कर्कश भोंगा खरखरला. मग आवाज आला. निवृत्त झाल्यापासून आजऱ्यानं न ऐकलेला आवाज. हमाल थांबले, टपरीवाल्यानं स्टोव्ह बारीक केला.

“प्रवाशांनी इकडं लक्ष द्यावं. आजरा-पुणे गाडी फलाट क्रमांक दोनवरून सुटत आहे.” मग थोडा थांबला. खाकरला.

“जन्मभर सोडल्या गाड्या, एकही नाही चुकली,
इंदुमतीच्या उखाण्याची तेवढी माझी हुकली.”

सगळा स्टँड हसला. कुणीतरी शीळ घातली, कुणी टाळ्या वाजवल्या. आत्तींनी पदर चेहऱ्यावर ओढला तो ओढलाच. पदराआड त्या हसतायत की रडतायत मला कळेना. गाडीनं झटका घेतला आणि हलली. तशा त्या खिडकीबरोबर चालायला लागल्या, पदर बाजूला केला आणि म्हणाल्या, “त्यांना सांग…”

“काय सांगू, आत्ती?”

“ऐकलं म्हणावं.”

गाडी वळण घेऊन नियंत्रकाच्या खोलीपुढून गेली. मामा दारात उभे होते, नव्या नियंत्रकाच्या खांद्यावर हात टाकून, कानापर्यंत लाल. मी खिडकीतून निम्मी बाहेर वाकले. “मामा, आत्ती म्हणतायत, ऐकलं.”

“तिला सांग…” मामांनी हात वर केला.

पण तोवर गाडी फाटकाच्या बाहेर पडली होती. मी मागं वळून बघितलं. मामा क्षणभर तसेच हात वर धरून उभे होते. मग त्यांनी हात खाली घेतला, टोपी नीट केली, आणि जे काय सांगायचं होतं ते स्वतःच सांगायला फलाट क्रमांक दोनकडं चालू लागले.